नाव देणं आणि नावं ठेवणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभर तुम्ही रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसता. तो अर्धा तास बरा जातो, पण उठल्यावर दहा मिनिटांत मुलावर ओरडता आणि मग लोकलमध्ये, ऑफिसात दिवसभर स्वतःला बोल लावत राहता. कोणीतरी सुचवलं म्हणून भांडी घासताना 'तटस्थपणे निरीक्षण' करून पाहिलंत, तर चिडचिड उलट वाढली. 'हे रोजच्या कामात खरंच जमतं का, की माझ्यातच काही कमी आहे?' असं तुम्ही विचारलं आहे.

जमतं. आणि तुमच्यात काही कमी नाही. एक छोटी गोष्ट निसटते आहे, जी सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांची निसटते. माझी तर काही वर्षं निसटली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. 2001 च्या डिसेंबरात इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं पहिलं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायांपर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहणं, आणि दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटणं. अकराव्या दिवशी घरी आले तेव्हा अंगात इतका हलकेपणा होता की जिना चढल्याचंही जाणवलं नाही. दार उघडलं. ओट्यावर कढई होती. तळाला भाजी जळून काळी झालेली, त्यात पाणी ओतून ठेवलेलं, आणि ते पाणीही दोन दिवसांचं. पंधरा मिनिटांत माझा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका चढला. यजमान एवढंच म्हणाले, "हेच शिकून आलीस का?" त्या वाक्यानं मी रात्रभर रडले.

शिबिर संपताना सांगितलं होतं की सकाळ-संध्याकाळ तासभर बसा आणि बाकीच्या वेळी आपल्या वागण्यात जागरूक राहा. मी त्यातला पहिला भाग घेऊन आले होते. दुसरा भाग कढईपाशी शिकायचा असतो हे तेव्हा उमगलं नव्हतं.

आता तुमच्या भांड्यांकडे येऊ. तुम्ही नळ सोडलात, हाताला पाणी लागलं, ते जाणवलं. लगेच मनात आलं, 'केवढी भांडी!' पाठोपाठ, 'रोज मीच का?' आणि मग, 'बघ, दोन मिनिटंसुद्धा शांत राहता येत नाही तुला.' तुमचा समज असा की पाणी जाणवलं तेवढंच निरीक्षण, आणि पुढचे तिन्ही विचार म्हणजे निरीक्षण मोडलं. खरं तर ते तिन्ही विचारही पाण्याइतकेच पाहण्याजोगे आहेत. त्यातला तिसरा सगळ्यांत फसवा. तो निरीक्षणाचे कपडे घालून येतो, पण असतो शेरा. 31 वर्षं मी उत्तरपत्रिकांवर लाल पेनानं शेरे लिहिले, 'अक्षर सुधारा', 'प्रयत्न हवेत'. मला तो आवाज ओळखता यायला हवा होता, पण तो माझ्याच डोक्यात चालू असल्यामुळे मी त्याला माझी जागरूकता समजत होते.

शेरे येणं थांबवता येत नाही, आणि थांबवायचंही नसतं. बुद्धाच्या शिकवणुकीत मनाच्या कामाचे चार भाग सांगतात. विज्ञान, म्हणजे नुसती जाण: कानावर आवाज पडला. संज्ञा, म्हणजे ओळख आणि मोल ठरवणं: हा शब्द आहे, ही शिवी आहे. वेदना, म्हणजे त्यामुळे अंगात उठलेली सुखद किंवा दुःखद संवेदना. (मराठीत वेदना म्हणजे फक्त दुखणं, पाली या जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत मात्र सुखद संवेदनाही वेदनाच.) आणि संस्कार, म्हणजे त्या संवेदनेवर मनानं दिलेली प्रतिक्रिया: हवं किंवा नको. बघा, मोल ठरवण्याचं काम दुसऱ्याच पायरीवर होऊन जातं, तुम्हाला न विचारता. जे आपोआप घडतं त्याबद्दल स्वतःला दोषी धरण्यात अर्थ नाही. आपल्या हाताशी जागा उरते ती वेदना आणि संस्कार यांच्यामध्ये. तिथे पोचायचं तर अंगात काय उठलं ते कळायला हवं आणि त्याला एखादा साधा शब्द सापडायला हवा.

शब्द देण्याची ही रीत ब्रह्मदेशातले ध्यानगुरू महासी सयाडॉ यांच्या परंपरेतली. पोट वर येताना 'फुगतंय', खाली जाताना 'बसतंय', विचार आला तर 'विचार', खाज आली तर 'खाज', असं मनातल्या मनात हलकेच म्हणत राहायचं. मी धम्मगिरीवर शिकले त्या गोयंका गुरुजींच्या पद्धतीत असे शब्द वापरत नाहीत, आणि दोन पद्धतींची सरमिसळ करू नये असंही तिथे बजावतात. म्हणून सकाळच्या बैठकीत मी शिकले तशीच बसते. स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर मात्र मला या शब्दांचा फार आधार झाला आहे. तिथे मन इतक्या झपाट्यानं पळतं की एखादी खुंटी लागतेच.

आपल्या भाषेत नाव देणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. बाळाला आपण नाव देतो तेव्हा त्याला ओळख मिळते. शेजारणीच्या भाजीला नावं ठेवतो तेव्हा भाजी बाजूला राहते आणि आपलं वजन वाढल्यासारखं वाटतं. भांडी घासताना 'घाई' म्हणणं हे नाव देणं. 'कायमचीच घाई माझ्या नशिबी' हे नावं ठेवणं. शब्द जवळजवळ तेच, पण पहिला उच्चारला की खांदे किंचित खाली येतात, दुसरा उच्चारला की वर चढतात. खात्री करून पाहा. माझ्याकडे यापेक्षा भरवशाची कसोटी नाही.

हे मला पुस्तकापेक्षा सासूबाईंमुळे कळलं. त्या कधी कुठल्या शिबिराला गेल्या नाहीत. एका दुपारी आम्ही दोघी पंचा पसरून तांदूळ निवडत होतो. पोत्यात खडे बरेच होते. मी प्रत्येक खड्यागणिक वाण्याचा उद्धार करत होते. त्या गप्प होत्या. खडा दिसला की दोन बोटांत धरायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा पसा सरकवायचा. तासाभरात त्यांचं ताट माझ्या दुप्पट झालं, आणि चेहऱ्यावर थकवा नव्हता. खडा त्यांना माझ्यापेक्षा जास्त नीट दिसत होता, कारण त्याच्यावर चिडण्यात नजर खर्च होत नव्हती. 'तटस्थ' म्हटलं की लोकांना वाटतं खडा आणि तांदूळ सारखेच मानायचे. तसं केलं तर भात दाताखाली कचकचेल. खडा हा खडाच आहे हे ओळखून तो काढायचाच. त्याच्याशी भांडण मांडायचं नाही एवढंच.

म्हणून 'आमटीत मीठ जास्त पडलं' ही माहिती आहे, ती हवीच. तिच्यामुळे हात पुढचं काम करतो, थोडं पाणी घालतो. 'मला मेलीला साधी आमटी जमत नाही' हा निवाडा आहे. त्यानं आमटीत काही फरक पडत नाही, हात मात्र जागच्या जागी थिजतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेतच दडलेली आहे. आपण म्हणतो, राग आला, रडू आलं, कंटाळा आला, भीती वाटली. राग पाहुण्यासारखा येतो आणि मी त्याच्या वाटेत असते. आपल्या आज्यापणज्या हे न शिकता बोलत आल्या. पण तोल गेला की आपण भाषा बदलतो: 'मी आहेच रागीट.' तिथे येणारी गोष्ट कायमची राहायला येते. तुम्ही प्रश्नात लिहिलं आहे, 'मी फार चिडखोर आई आहे.' ते वाक्य आठवडाभर बाजूला ठेवा आणि त्याऐवजी 'आत्ता चीड आली आहे' एवढंच म्हणून पाहा. हे काही मनाला गोंजारणं नाही. घडलं त्याचं हे जास्त अचूक वर्णन आहे.

सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे जागरूकतेवरच्या बुद्धाच्या प्रवचनात, मनाचं निरीक्षण सांगताना एक वाक्य येतं: 'सदोसं वा चित्तं सदोसं चित्तन्ति पजानाति.' द्वेषानं भरलेलं मन असेल तर 'हे द्वेषानं भरलेलं मन' असं साधक जाणतो. त्या ओळीत जाणण्यापलीकडे काही करायला सांगितलेलं नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मराठी डोळ्यांनी 'सदोस'चं 'सदोष' केलं आणि बराच काळ तसंच धरून चालले. पालीतला इथला 'दोस' म्हणजे द्वेष. पण माझी ती वाचनातली चूक म्हणजे माझ्या साधनेतलीच चूक होती: राग दिसला की मी लगेच त्याला दोष वाचत होते.

हेच सुत्त पुढे-मागे चालणं, हातपाय वाकवणं-पसरणं, खाणं, पिणं, चाखणं, इतकंच काय मलमूत्रविसर्जनही जाणीवपूर्वक करायला सांगतं. ते कुरू देशात, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या परिसरात, कम्मासधम्म नावाच्या गावी सांगितलं गेलं. जुन्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या भाष्यात, म्हटलं आहे की तिथे पाणवठ्यावर आणि सूत कातायच्या जागीसुद्धा माणसं वायफळ न बोलता याच साधनेची एकमेकांकडे चौकशी करत. हंडा भरणाऱ्या बायकांनी हे केलं असेल, तर सिंकपाशी उभ्या असलेल्या बाईला ते परकं का वाटावं? 

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. भांडी सध्या सोडून द्या. ती तुमच्यासाठी जुनं गाऱ्हाणं आहेत, सुरुवात तिथून नको. सकाळचं दूध घ्या.

पातेलं गॅसवर ठेवलं की आपण सहसा पाठ फिरवतो, मोबाइल बघतो, डबा भरतो, आणि सूं आवाज आला की धावतो. एक आठवडा, फक्त शेवटची दोन मिनिटं, तिथेच उभ्या राहा. पावलांखालची लादी गार आहे का बघा. बहुतेक तुम्ही एकाच पायावर भार दिलेला असेल. बदलायची गरज नाही, कळू दे. दुधाच्या कडेला आधी बारीक बुडबुडे येतात. मग साय मध्येच थरथरते, सुरकुतते. वास बदलतो. मग एकाएकी सगळं वर चढतं. त्या क्षणी तुमच्या अंगातही काहीतरी वर चढतं: श्वास अडकतो, हात बटणाकडे झेपावतो. हे सगळं रोज घडतं आणि रोज आपण ते चुकवतो. दोन मिनिटांत मन दहा वेळा निघून जाईल. गेल्याचं कळलं की त्या जाण्याला एक शब्द द्या: 'आखणी', 'आठवण', 'घाई', 'शेरा'. आणि परत पावलांवर या. परत येताना स्वतःला ओढत आणू नका. दहा वेळा जाणं म्हणजे दहा वेळा कळणं. सराव त्या कळण्याचा आहे.

मुद्दाम संथ हालचाली करू नका. शिबिरात पाऊल उचलायला मिनिटभर घेता येतो, सकाळी सहाला डबे भरताना नाही, आणि घरच्यांना ते नाटकी वाटतं. नेहमीच्याच वेगानं काम करा. विळीवर भाजी चिरताना लक्ष पात्यावर आणि बोटांवर, स्कूटरवर असताना रस्त्यावर आणि आरशात. श्वास पाहायची ती जागा नव्हे.

दुधापाशी आठ-दहा दिवस गेले की भांड्यांकडे जा, पण सगळ्या ढिगाकडे नाही. एकच कढई. घासणीचा खरखरीतपणा, नळाच्या पाण्याचा गारवा, तूपकट जागी बोट घसरणं आणि घासल्यावर त्याच जागी बोट कुरकुरणं. मला सगळ्यांत उशिरा कळलेली गोष्ट ही की जोर लावून घासताना मी जबडा आवळते आणि श्वास धरून ठेवते. कढईचं काम मनगटाचं, जबड्याचा तिथे काय संबंध? पण तो आवळलेला असायचा, रोज, वर्षानुवर्षं. तो दिसला त्या दिवशी त्याला सैल करायची धडपड मी केली नाही, 'आवळलाय' एवढंच म्हटलं. थोड्या वेळानं तो आपोआप सुटला. काही दिवस सुटला नाही, तेही चाललं.

आणि 'रोज मीच का?' हा प्रश्न उरतोच. तो दाबू नका. तो खडा आहे की तांदूळ, हे शांतपणे बघा. पुष्कळदा तो अगदी रास्त प्रश्न असतो. मग भांडी घासून झाल्यावर, हात पुसून, घरात बसून बोला की आठवड्यातले तीन दिवस भांडी कोण घासणार. माझ्या घरी ते बोलणं फार उशिरा झालं, आणि झालं तेव्हा पाच मिनिटांत संपलं, कारण त्या दिवशी माझ्या बोलण्यात मागच्या वीस वर्षांची यादी नव्हती. साक्षीभावाच्या नावाखाली बायकांना सोसायला शिकवलं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे. घरात कोणी हात उगारत असेल, अपमान करत असेल, तर 'तटस्थपणे पाहा' हे त्याचं उत्तर नव्हे. तिथे मदत मागायची. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे.

मुलावर ओरडण्याबद्दल. तुम्हाला हे सगळ्यांत आधी थांबायला हवंय, आणि ते सगळ्यांत शेवटी बदलेल. हा क्रम मी बऱ्याच जणींत पाहिला आहे. पहिल्यांदा कळतं ते ओरडून झाल्यावर, तासाभरानं. मग ओरडून झाल्याबरोबर. मग ओरडता ओरडता, वाक्याच्या मध्यावर. ही पायरी फार अवघडल्यासारखी वाटते, कारण तोंड चालू असतं आणि आतून कोणीतरी बघत असतं. मग कधीतरी तोंड उघडण्याच्या आधी. तिथे शब्द नसतात, अंगातल्या खुणा असतात: कानशिलं तापतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, काहींच्या हाताच्या मुठी वळतात. तुमची खूण कोणती ती तुम्हीच शोधायची. दूध वर चढताना श्वास अडकलेला ज्यांनी शंभरदा पाहिला आहे, त्यांना इथे तो ओळखीचा वाटतो. मुलाच्या प्रसंगातच सराव सुरू करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पोहायला कोणी पुरात शिकत नाही.

खूण कळली म्हणून दप्तर जागेवर ठेवायला सांगायचं नाही असं नाही. सांगाच, ठामपणे सांगा. आणि ओरडून गेलंच, तर मुलाला तसं सांगा: "मला खूप राग आला होता, मी मोठ्यानं बोलले, ते बरं झालं नाही." माझ्या नातवाला मी हे एकदा म्हणाले, तर तो म्हणाला, "आजी, तुझा राग गेला का आता?" गेला का, ते मी खरंच बघितलं. थोडा उरला होता. तसं त्याला सांगितलं. तो खेळायला निघून गेला.

लोकलचा प्रवास तुम्हाला वाया गेलेला वेळ वाटतो. मुलीकडे ठाण्याला जाते तेव्हा मीही लेडीज डब्यात उभी राहते. कोणाचं तरी कोपर बरगडीत असतं. त्यात 'दाब' आहे, 'ऊब' आहे, 'घाम' आहे, आणि 'काय माणसं आहेत!' हा एक शेरा आहे. चार वेगळ्या गोष्टी. पहिल्या तीन स्टेशन आलं की संपतात. चौथी आपण ऑफिसात घेऊन जातो.

एक सावधगिरी मनापासून सांगते. ज्यांना पॅनिक अटॅक येतात, ज्यांच्या मागे एखादा भयंकर प्रसंग आहे, किंवा ज्या खोल नैराश्यात आहेत, त्यांनी डोळे मिटून श्वासावर किंवा शरीरात लक्ष लावलं की घाबरल्यासारखं होऊ शकतं. असं झालं तर रेटू नका. डोळे उघडे ठेवा, पावलं जमिनीवर दाबा, पंख्याचा किंवा रस्त्यावरचा आवाज ऐका, आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चालू औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका. कोणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

फरक पडतो आहे हे ओळखायचं कसं, असं तुम्ही पुढे विचारालच. शांत वाटतं का, यावरून मोजू नका, शांती येते-जाते. मी एवढंच बघते की आलेला राग किती वेळ मुक्काम करतो. पूर्वी सकाळचा राग मला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरायचा. आता बहुतेकदा पोळ्या होईपर्यंत टिकतो. गेल्या आठवड्यातला एक राग मात्र दोन दिवस टिकला. त्याचं नाव 'दुखावणं' होतं, 'राग' नव्हतं, आणि हे कळायलाच दोन दिवस लागले.

उद्या सकाळी दुधापाशी उभ्या राहा. मन गेलं आणि दूध ओतू गेलं, तर ओटा पुसा, आणि पुसताना फडकं गरम लागतं की गार, ते मला लिहून कळवा.